समूहाची कला आणि मराठी समीक्षेची नजर : मुंबईतील वृंदगान व बॅले यांच्या आस्वादाचा विचार

प्रास्ताविक

पाश्चात्त्य वृंदगान आणि बॅले या महानगरातील मूठभर इंग्रजी शिक्षित वर्गाच्या आवडीच्या कला आहेत, मराठी रसिकतेशी त्यांचा फारसा संबंध पोहोचत नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. त्याला काही आधार नाही असे नाही. मुंबईतील वृंदगान चर्चच्या आवारात वाढले. त्याला पारशी, गोवेकर ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांनी पोसले. त्याच्या कार्यक्रमपत्रिका इंग्रजीत छापल्या जातात. मराठी वृत्तपत्रांत या कार्यक्रमांची परीक्षणे क्वचितच येतात, आणि आलीच तर कार्यक्रमाचे वर्णन व उपस्थितांची नावे यापलीकडे जात नाहीत. हे सारे मान्य करूनही प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. या कलांच्या आस्वादात मराठी प्रेक्षकाला जी अडचण येते, तिचे मुख्य कारण त्यांचे परकेपण हे नाही. मराठी समीक्षेने एकट्या कलावंताला पाहण्याची नजर घडवली. समूहाला पाहण्याची नजर घडवली नाही. वृंदगान आणि बॅले या मुळात समूहाच्या कला आहेत. त्यांच्यासमोर बसलेला आपला प्रेक्षक नकळत नायक शोधू लागतो, तो सापडला की त्याच्यावर दृष्टी खिळवतो, आणि उरलेल्या चाळीस जणांना पार्श्वभूमी समजतो.

गायकी, घराणे, उपज, तालीम, अभिनयाची जातकुळी, नटाची लकब या परिभाषेने आपण भास्करबुवा बखल्यांपासून बालगंधर्वांपर्यंतच्या कलावंतांविषयी सूक्ष्मपणे बोलू शकतो. परंतु एकाच वेळी गाणाऱ्या किंवा हलणाऱ्या तीस माणसांविषयी बोलायचे झाले, तर ‘एकसंध’, ‘शिस्तबद्ध’, ‘सफाईदार’ या तीन विशेषणांनंतर आपल्यापाशी शब्द उरत नाहीत. ही तिन्ही विशेषणे कवायतीलाही तितकीच लागू पडतात.

सभागृह आणि श्रोता

एनसीपीए ही संस्था १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. नरिमन पॉइंटच्या भराव घातलेल्या जमिनीवर टाटा थिएटर १९८० मध्ये, तर बॅले, ऑपेरा आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी योग्य असे जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये उभे राहिले. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद तेथेच २००६ मध्ये स्थापन झाला. पु. ल. देशपांडे आणि विजया मेहता यांनी या संस्थेत महत्त्वाच्या पदांवर काम केले आहे, हे लक्षात घेतले तर ही वास्तू मराठी सांस्कृतिक जीवनाच्या बाहेरची आहे असे म्हणता येणार नाही. तथापि वास्तू आपली असणे आणि तेथील प्रत्येक कार्यक्रम आपला वाटणे यांत अंतर राहते.

त्या अंतराचा एक भाग अगदी व्यावहारिक आहे. दिंडोरी ते नाशिक सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि नाशिक रोड ते मुंबई रेल्वेने जवळपास एकशे नव्वद. संध्याकाळी सातला सुरू होणारा कार्यक्रम ऐकायचा तर परतीची पंचवटी एक्स्प्रेस त्याआधीच सुटून गेलेली असते. म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम आला की तिकिटाचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान भाग ठरतो. अभिरुचीच्या चर्चेत वेळापत्रकाला स्थान मिळत नाही. वस्तुतः अभिरुची कोणाची घडते आणि कोणाची घडत नाही, हे बरेचसे वेळापत्रकच ठरवते.

दुसरा भाग ऐकण्याच्या सवयीचा आहे. टाटा थिएटरची रचना ध्वनिक्षेपकाविना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा अशी केलेली आहे. आपल्या ग्रामीण आणि निमशहरी भागातील श्रोत्याचा कान मात्र दोन पिढ्यांपासून ध्वनिक्षेपकावर वाढला आहे. ध्वनिक्षेपक एका तोंडासमोर असतो. तो एका आवाजाला मोठा करतो आणि शेजारच्या आवाजांना दूर ढकलतो. एकल कलावंताच्या प्राधान्याला यंत्राने दिलेली ही साथच म्हणावी लागेल. उघड्या कंठाने गाणाऱ्या साठ जणांचा आवाज प्रथम ऐकणाऱ्याला तो ‘लहान’ वाटतो. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येते की आवाज लहान नाही, तो एका ठिकाणाहून येत नाही इतकेच.

तिसरा भाग दाद देण्याचा. मैफलीत दाद ही गाण्याचाच भाग असते. समेवर आलेली ‘वा’ गायकाला पुढची जागा सुचवते. वृंदगानात खंडांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, संपूर्ण रचना संपेपर्यंत शांत राहायचे, असा संकेत आहे. आपल्या श्रोत्याला तो थंडपणा वाटतो. बॅलेत मात्र असे नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेथे नर्तिकेच्या एकल नृत्यानंतर प्रयोग मध्येच थांबतो, टाळ्या होतात, ती वाकून अभिवादन करते, आणि कथा पुढे सरकते. ‘स्वान लेक’च्या काळ्या हंसिनीच्या बत्तीस गिरक्यांवर पडणाऱ्या टाळ्या आणि संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ यांची जात एकच आहे. म्हणून मराठी प्रेक्षकाला बॅले वृंदगानापेक्षा लवकर आपलासा वाटतो. परंतु तो आपलासा वाटतो तो त्यातील एकल अंशामुळे, समूहामुळे नव्हे.

सावल्यांचे उतरणे

मारिउस पेतिपा यांनी रचलेला ‘ला बायादेर’ हा बॅले १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रथम सादर झाला. त्याची कथा भारतात घडते. निकिया ही देवदासी, सोलोर हा योद्धा, गोवळकोंड्याचा राजा, विषारी साप असा सारा मसाला त्यात आहे. भारतीय प्रेक्षकाला त्यातील भारत पाहून हसू आले तर तो दोष प्रेक्षकाचा नाही. पौर्वात्यवादाचे उदाहरण म्हणून या बॅलेवर टीका होते, आणि ती रास्त आहे.

परंतु याच बॅलेत सावल्यांच्या राज्याचा एक प्रवेश आहे. अफूच्या धुंदीत सोलोरला मृत निकिया आणि तिच्यासारख्या असंख्य सावल्या दिसतात. रंगमंचाच्या मागील उतारावरून पांढऱ्या वेशातील एक नर्तिका येते. ती एक पाऊल टाकते, दुसरा पाय मागे उचलून पुढे झुकते, सरळ होते, पुढे सरकते. तिच्या मागून दुसरी येते आणि नेमके तेच करते. मग तिसरी. आजच्या बहुतेक प्रयोगांत या नर्तिका चोवीस किंवा बत्तीस असतात. शेवटची उतरेपर्यंत पहिलीने तीच हालचाल कित्येक वेळा केलेली असते. कोणतीही नवी गोष्ट घडत नाही. कथा थांबलेली असते.

या प्रवेशात पाहायचे काय? एकेकीकडे पाहिले तर हालचाल साधी आहे आणि दहाव्या वेळी ती कंटाळवाणीही वाटू शकते. संपूर्ण उताराकडे पाहिले, तर मात्र एक पुढे झुकते तेव्हा दुसरी सरळ होत असते, आणि रंगमंचावर एक संथ लाट निर्माण होते, जी कोणत्याही एका नर्तिकेच्या शरीरात नाही. सोलोरचे दुःख एका निकियाचे आहे. त्याला दिसणाऱ्या सावल्या अनेक आहेत. एकच स्मृती पुन्हा पुन्हा येत राहणे, हा दुःखाचा अनुभव पुनरावृत्तीशिवाय दाखवता आला नसता, आणि पुनरावृत्तीसाठी अनेक शरीरे हवीत. येथे समूह नायिकेची आरास करत नाही. समूह हाच आशय आहे. या प्रवेशाचे परीक्षण ‘नर्तिकांची शिस्त वाखाणण्यासारखी होती’ एवढ्यावर संपवणे म्हणजे अभंगाचे परीक्षण ‘यमके जुळली होती’ असे करणे होय.

मुंबईचे नृत्यनाट्य

‘बॅले’ हा शब्द मराठीत आला तो केवळ रशियन कलाप्रकाराचे नाव म्हणून आला नाही. अ‍ॅना पावलोवा यांच्यासाठी १९२३ मध्ये भारतीय विषयांवर नृत्ये रचणारे उदयशंकर पुढे स्वतःचा संच घेऊन जगभर फिरले. त्यांच्या संगीताची धुरा दीर्घकाळ विष्णुदास शिराळी यांनी वाहिली, आणि शिराळी हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेत तयार झालेले होते. मेनका या नावाने प्रसिद्ध असलेल्या लीला सोखी यांनी कथकला नृत्यनाट्याचे रूप दिले, १९३६ ते १९३८ या काळात युरोपचा दौरा केला आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. दमयंती जोशी लहानपणीच त्यांच्या संचात होत्या. म्हणजे आधुनिक भारतीय नृत्यनाट्याच्या घडणीचा एक मोठा अध्याय मुंबई-खंडाळा या पट्ट्यात लिहिला गेला, आणि त्यात मराठी माणसे होती. मराठी नाट्येतिहासात या अध्यायाला पानभरही जागा मिळत नाही.

उदयशंकरांच्या ‘लेबर अँड मशिनरी’ या रचनेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. यंत्रावर काम करणारी माणसे यंत्रासारखी होत जातात, हा तिचा विषय. तो एका नर्तकाला दाखवताच येणार नाही. इप्टाच्या मध्यवर्ती पथकाने १९४४ मध्ये ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि १९४५ मध्ये ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये सादर केली. त्यांचे नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन. बंगालच्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या राहिलेल्या त्या कामात व्यक्तिगत नायक असणे शक्यच नव्हते. नेहरूंच्या ग्रंथावरील ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे नृत्यनाट्य इंडियन नॅशनल थिएटरने रंगभूमीवर आणले, त्याला रविशंकरांचे संगीत होते. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूपची स्थापना केली. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालतात. चेहऱ्यावरील अभिनय बाजूला ठेवल्याने राम करणाऱ्या नर्तकाला राक्षस करणाऱ्या नर्तकापेक्षा अधिक भाव खाण्याची सोयच उरत नाही. नटकेंद्री रंगभूमीला दिलेले इतके शांत आणि इतके सडेतोड उत्तर मुंबईत क्वचितच दिले गेले असेल. बर्धन १९५४ मध्ये वारले, संस्था पुढे ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला गेली.

या परंपरेचे पुढे काय झाले? शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि उत्सवी महानाट्यांत जी नृत्यनाटिका आज दिसते, तिच्यात मध्यभागी नायक-नायिका आणि दोन्ही बाजूंना हातात दिवे किंवा भगवे झेंडे घेतलेला समूह अशी रचना ठरून गेली आहे. समूहाने काही म्हणायचे नसते; त्याने भरायचे असते. पन्नास माणसे रंगमंचावर असूनही हे नाटक एकट्याचेच राहते. प्रेक्षकाने तशी मागणी केली नाही, समीक्षकाने तसे विचारले नाही, म्हणून हे घडले असे मला वाटते.

वृंदगान : एक स्वर आणि अनेक स्वर

वृंदगानाच्या बाबतीत आपली स्थिती अधिक विचित्र आहे. कारण सामूहिक गायन आपल्याला मुळीच नवे नाही. भजनी मंडळ, दिंडी, आरती, शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी, गोंधळ्यांचे साथीदार असा समूहाचा आवाज मराठी माणूस जन्मापासून ऐकतो. आपल्या संगीत नाटकाचा आरंभही समूहाच्या आवाजाने होत असे. नांदीसाठी सर्व नटमंडळी रंगमंचावर एकत्र उभी राहत आणि एकत्र गात. नांदी संपली की समूह विंगेत जाई आणि पुढचे चार-पाच तास रंगमंच एकेकट्याचा होई. मराठी रंगभूमीच्या संपूर्ण कलाविचाराचे चित्र या एका संकेतात आहे. शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासातही शाहिराचे नाव, गाव, फड यांची नोंद होते. झीलकऱ्यांचा आवाज त्या कवनाला काय देतो, याची होत नाही.

तरीही आपले सामूहिक गायन आणि पाश्चात्त्य वृंदगान यांतील मूलभूत फरक स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे समूह एकच धून गातो. पुरुष-स्त्री आवाजांत सप्तकाचे अंतर पडते इतकेच. चारशे वारकऱ्यांनी म्हटलेला अभंगही एका धुनेचाच असतो. पाश्चात्त्य वृंदगानात साधारणपणे चार पदर असतात : स्त्रियांचे उंच व खालचे आवाज, पुरुषांचे उंच व खालचे आवाज. चारही पदर एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात आणि त्यांच्या एकत्र येण्यातून स्वरसंवाद निर्माण होतो. ऐकणाऱ्याने वरचा पदर पकडला आणि बाकीचे तीन सोडून दिले, तर त्याला गाणे ऐकू येते, वृंदगान ऐकू येत नाही. मराठी श्रोता बहुधा असेच ऐकतो. मुख्य धून शोधणे हा त्याच्या कानाचा संस्कार आहे.

रागसंगीत आणि स्वरसंवाद यांचा मेळ बसत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. मींड, श्रुती, आंदोलन ही रागाची अंगे एका कंठाच्या स्वातंत्र्यावर अवलंबून आहेत. चाळीस कंठांनी एकाच मापाची मींड घ्यायची तर तिचा जीव जातो. आक्षेप खरा आहे, पण त्याने प्रश्न संपत नाही. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर कूमी वाडिया यांनी दीर्घकाळ संचालन केलेल्या परंज्योती अकॅडमी कोरसने युरोपीय रचनांबरोबर भारतीय भाषांतील गाणीही गायली. लंडन आणि पॅरिस येथे शिकलेले वनराज भाटिया यांनी भारतीय सामग्रीवर वृंदगाने रचली. त्यांपैकी ‘वासांसि जीर्णानि’ हे शीर्षक गीतेच्या वाचकाला ओळखीचे आहे. आपल्याला ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ या चित्रपटांचे वनराज भाटिया माहीत आहेत. वृंदगानांचे भाटिया माहीत नाहीत.

लोकगीताला स्वरसंवाद जोडण्याचे दोन मार्ग संभवतात, आणि समीक्षकाने त्यांत भेद करायला हवा. पहिल्यात मूळ चाल वरच्या पदराला देऊन इतर पदर तिला आधार देतात. हा सोपा मार्ग आहे. त्यात समूह पुन्हा साथीदार बनतो. दुसऱ्यात चालीचे तुकडे चारही पदरांत फिरतात, एकाने सोडलेला स्वर दुसरा उचलतो. दुसरा मार्ग आपल्या टाळकऱ्यांच्या सवाल-जवाबाला जवळचा आहे. एका बाजूच्या रांगेने चरण म्हणावा, दुसरीने तो उचलावा, आणि उचलताना पहिलीचा शेवटचा स्वर अजून हवेत असावा, हा क्षण प्रत्येक एकादशीला गावोगाव घडतो. क्षणभर का होईना, तेथे दोन पदर असतात.

येथे अँथनी गोन्साल्विस यांचे स्मरण होते. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांच्या पिढीने मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला. त्यांपैकी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारित सिम्फनी सादर करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचा सहभाग होता. तो फार काळ टिकला नाही. बहुसंख्यांना त्यांचे नाव आठवते ते एका चित्रपटगीतातील विनोदी पात्रामुळे.

घाशीरामची भिंत

मराठीत समूहाची कला नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला ‘घाशीराम कोतवाल’कडे बोट दाखवता येते. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर झाले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. ब्राह्मणांची एक ओळ झुलत, गात, पाठ फिरवत, फाकत आणि मिटत संपूर्ण नाटक चालवते. ती भिंत आहे, दार आहे, जमाव आहे आणि साक्षीदारही आहे. भजनाच्या सुरात गाणारी तीच ओळ पुढच्या क्षणी कुकर्मावर पडदा होते. नानांच्या सत्तेला आधार कोणाचा, हे नाटक संवादातून सांगत नाही; ते भिंतीच्या हालचालीतून दाखवते.

नाटकावर झालेली चर्चा मात्र दीर्घकाळ नाना फडणविसांच्या चित्रणाभोवती आणि ब्राह्मणद्वेषाच्या आरोपाभोवती फिरत राहिली. वादाचे दोन्ही पक्ष एका बाबतीत सारखे होते : दोघांनीही नाटक नानाचे आणि घाशीरामाचे मानले. भिंतीची वाखाणणी झाली ती ‘प्रभावी तंत्र’ म्हणून. माझ्या मते भिंत हे तंत्र नसून नाटकाचे मुख्य पात्र आहे, आणि तसे मानले की वादाचे स्वरूपच पालटते. प्रश्न एका ऐतिहासिक पुरुषाच्या चारित्र्याचा राहत नाही; गात-गात डोळेझाक करणाऱ्या समूहाचा होतो. समूह पाहण्याची सवय नसणे ही केवळ अभिरुचीची उणीव नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे. तिच्यामुळे आपल्या भाषेतील एका महत्त्वाच्या नाटकाचे वाचनही अर्धे राहिले.

बोहाड्याच्या बाजूने

दिंडोरी, पेठ, सुरगाणा या भागात चैत्र-वैशाखात होणारा बोहाडा येथील प्राध्यापकांना ठाऊक आहे. संबळाच्या तालावर गणपती, शारदा, नरसिंह, रावण, वेताळ अशी मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर एकामागून एक नाचत येतात. पाहणारा ‘आज नरसिंह चांगला नाचला’ असे म्हणतो. मुखवट्यामागे कोण होता हे गावाला माहीत असते, पण त्या क्षणी ते महत्त्वाचे नसते. शांती बर्धनांनी बाहुल्यांच्या चालीतून जे मिळवले, ते येथे परंपरेने आधीच आहे. आपण या उत्सवाचा अभ्यास लोकदैवते, आदिवासी अस्मिता आणि विधी या अंगांनी करतो. ते आवश्यकच आहे. परंतु एक सोंग जाऊन दुसरे येईपर्यंतच्या रिकाम्या जागेचा, सोंगांच्या क्रमाचा, त्याच चालीच्या पुनरावृत्तीतून पहाटेपर्यंत बदलत जाणाऱ्या परिणामाचा विचार प्रयोगाच्या अंगाने होत नाही. सावल्यांच्या प्रवेशासाठी जी दृष्टी लागते, तीच येथेही लागेल.

विद्यापीठीय युवक महोत्सवात भारतीय समूहगान, पाश्चात्त्य समूहगान आणि लोकनृत्य असे स्वतंत्र प्रकार असतात. ग्रामीण महाविद्यालयांचे संघ पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात उत्साहाने उतरतात. दुसऱ्यात ते अपवादानेच दिसतात. समूहगानाला सहा गायकांची मर्यादा असते. सहा जणांची बांधणी करताना आपण सर्वांत चांगला आवाज मध्यभागी उभा करतो आणि उरलेल्या पाच जणांना त्याच्यामागे चालवतो, हे या कामात पडलेल्या सहकाऱ्यांना मान्य होईल. त्याऐवजी दोन रांगा तीन-तीनच्या केल्या, दुसऱ्या रांगेने चरण उचलताना पहिलीने शेवटचा स्वर धरून ठेवला, तर कोणतेही पाश्चात्त्य शिक्षण न घेता दोन पदर उभे राहतात. आमच्याकडील ज्या मुलांनी घरच्या भजनात टाळ धरला आहे त्यांना ते समजावून सांगावेही लागत नाही. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही, ही गोष्ट वेगळी.

मुंबईच्या सभागृहापर्यंत विद्यार्थ्यांना नेणे दरवर्षी जमेलच असे नाही. ‘ला बायादेर’ची चित्रफीत मात्र वर्गात दाखवता येते. दाखवताना एक साधा प्रयोग करून पाहावा. पहिल्या वेळी काहीच न सांगता प्रवेश दाखवावा आणि काय दिसले ते लिहून घ्यावे. बहुतेक जण सर्वांत पुढच्या नर्तिकेविषयी लिहितील. दुसऱ्या वेळी प्रत्येकाला उतारावरील एक क्रमांक द्यावा, कोणाला सातवी, कोणाला एकोणिसावी, आणि फक्त तिच्याकडे पाहायला सांगावे. तिसऱ्या वेळी पुन्हा काही सांगू नये.